जातील कुठेतरी!

माळावर औद्योगिक वसाहत येणार असो, पाणथळीवर भराव पडणार असो की बोरी-हिवरांची झुडपे साफ करून सोलर पॅनेल बसणार असोत, पक्ष्यांचा विषय निघाला की सभेतला एखादा समंजस चेहऱ्याचा गृहस्थ एक वाक्य टाकतो आणि चर्चा तिथेच मिटते. पक्षीच ते, पंख आहेत, जातील दुसरीकडे. वाक्य इतके सोपे, इतके निरुपद्रवी वाटते की त्यावर हरकत घेणाराच आडमुठा ठरतो. माना डोलतात, चहा येतो, पुढचा विषय सुरू होतो.

या मताला थोडे बोलते केले की त्याची पूर्ण आवृत्ती हाती लागते. स्थलांतरी पक्षी परदेशातले, चार महिन्यांसाठी आलेले. त्यांची काळजी त्यांच्या देशाने करावी. इथली जमीन तशीही ओसाड, त्यावर झाडे लावली तर उलट पर्यावरणाचे भलेच होईल. भारतात पक्ष्यांच्या तेराशेच्या वर जाती आहेत, दोनचार कमी झाल्या तर आकाश कोसळणार नाही. आणि माणसे उपाशी असताना चिमण्यापाखरांचे लाड कशाला? एकेक विधान वेगळे घेतले तर व्यवहारी शहाणपणाचे वाटते. तपासायला बसले की एकही धड उभे राहत नाही.

पंखांपासूनच सुरुवात करू. ज्याच्याकडे मोटरसायकल आहे त्याचे घर पाडले तरी हरकत नाही, तो गाडीवर बसून दुसरीकडे जाईल, असे कोणी म्हणाले तर त्याला लोक वेड्यात काढतील. पक्ष्यांबाबत मात्र हाच तर्क शहाणपणाचा. पंख पक्ष्याला कुठेही नेत नाहीत, ठरलेल्या ठिकाणी नेतात. सलीम अलींनी नोंदवलेले करड्या धोब्याचे उदाहरण पक्षिमित्रांना पाठ आहे. मुंबईतल्या एका बंगल्यापुढच्या हिरवळीवर हा पक्षी पकडून त्याच्या पायात कडे घातले गेले. पुढचे अनेक हिवाळे तोच पक्षी, हिमालयापलीकडे किंवा हिमालयात कुठेतरी वीण आटोपून, नेमका त्याच हिरवळीच्या तुकड्यावर उतरत राहिला. मुंबईत दुसऱ्या हिरवळी नव्हत्या काय? होत्या. त्याला ही हवी होती, कारण इथे किडे कधी आणि कुठे मिळतात, मांजर कुठून येते, रात्री बसायचे कुठे, हे सारे त्याला ठाऊक होते.

आठ ग्रॅम वजनाच्या जिवाला हे ठाऊक असणे म्हणजे जगणे. हिरवट वटवट्या हा असाच एक पक्षी. रंग पानासारखा, त्यामुळे दिसण्यापेक्षा त्याची दोन तुकड्यांतली टोकदार हाकच आधी ऐकू येते. उन्हाळ्यात तो हिमालयात आणि पार उत्तर युरेशियाच्या जंगलांत घरटी करतो, हिवाळ्यात दक्षिण भारतात येतो. नव्वदच्या दशकात मधुसूदन कट्टी आणि ट्रेव्हर प्राइस यांनी तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनथुराईच्या जंगलात या वटवट्यांचा हिवाळा अभ्यासला. एकेक पक्षी झाडांची आपली हद्द आखतो आणि हिवाळाभर ती राखतो. दिवसभर चालणारी ती हाक म्हणजे शेजाऱ्याला दिलेली तंबी असते. आता या चित्रात ते ‘दुसरीकडे’ बसवून पाहावे. शेजारचे झाड मोकळे नाही, त्यावर दुसरा वटवट्या आहे. त्याच्या पलीकडच्यावर तिसरा. हाकललेला पक्षी जातो खरा; पण जातो तो कमी किडे, जास्त भांडणे आणि जास्त शत्रू असलेल्या उरल्यासुरल्या कोपऱ्यात. तिथे अंगावर चरबी चढली नाही तर एप्रिलमध्ये उत्तरेची वाट धरता येत नाही. बहुतेक छोटे गाणारे पक्षी रात्री उडतात आणि या चरबीवरच उडतात. वाटेत कोणी मेला तर त्याचा पंचनामा होत नाही, आणि म्हणून ‘गेला दुसरीकडे’ म्हणायला आपण मोकळे.

दोनचार जाती गेल्या तर काय, या प्रश्नाला उत्तर द्यायला क्युबापर्यंत जावे लागते, पण तिथले कारण महाराष्ट्राला अगदी ओळखीचे आहे. बॅकमन्स वॉर्बलर नावाचा पिवळा-काळा गाणारा पक्षी अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीच्या रानांत वीण करायचा आणि हिवाळ्याला क्युबात जायचा. अमेरिकेतली पाणथळ राने शेतीसाठी आणि लाकडासाठी साफ झाली. क्युबातल्या सखल जंगलांच्या जागी ऊस आला. १९६०च्या दशकानंतर या पक्ष्याची निर्विवाद नोंद नाही, आणि २०२३मध्ये अमेरिकी सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर करून संरक्षित यादीतून काढला. त्याला पंख होते. दोन्ही टोकांना जागा उरली नाही तेव्हा पंखांनी त्याला कुठे न्यायचे होते?

बरे, तो दुर्मिळच होता म्हणून गेला, असेही म्हणता येत नाही. पिवळ्या छातीचा भारीट फिनलंडपासून जपानपर्यंत वीण करणारा, अफाट संख्येचा पक्षी होता. २००४पर्यंत तो जागतिक यादीत बिनधोक गटात होता. चीनमध्ये स्थलांतराच्या वाटेवर जाळी लावून तो खाण्यासाठी पकडला जाई. १९९७मध्ये बंदी आली तरी चोरटा बाजार चालू राहिला. १९८०पासून साधारण तीन दशकांत त्याची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घसरली आणि २०१७मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवावे लागले. बिनधोकपासून तिथवर, अवघ्या तेरा वर्षांत. आज माळावर भारिटांचा थवा पाहून ‘ढिगाने आहेत की’ म्हणणाऱ्याने हा हिशेब जवळ ठेवावा.

आणि भारताचा हिशेब काही फार वेगळा नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३च्या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळचा कल मांडता आला, त्यांतल्या ६० टक्के घटत असल्याचे दिसले. गवताळ आणि मोकळ्या जमिनीवरचे पक्षी, तसेच दूरवरून येणारे स्थलांतरी, यांची घट विशेष आहे. म्हणजे जो पक्षी स्थलांतरीही आहे आणि माळावरचाही आहे, त्याच्या नशिबी दुहेरी संकट. महाराष्ट्राच्या वाट्याला नेमके हेच पक्षी मोठ्या संख्येने येतात.

इथे तो सर्वांत लाडका युक्तिवाद पुढे येतो: माळ ओसाड आहे, झाडे लावा. त्याला विरोध करणे म्हणजे पापच. झाडाच्या विरोधात बोलणारा माणूस कोणाला आवडेल? २०१६मध्ये राज्यात दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, पुढच्या वर्षी चार कोटींचा, मग तेरा कोटींचा आणि २०१९मध्ये तेहतीस कोटींचा. एवढी झाडे लावायची कुठे? जंगलात आधीच झाडे, शेतात पिके, शहरात इमारती. उरला माळ. कागदोपत्री त्याला वाली नव्हताच. केंद्राच्या २०१९च्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशातली साडेपाच कोटी हेक्टरांहून अधिक जमीन पडीक दाखवली आहे, आणि झुडपांची व गवताची राने त्यात सरसकट सामावली आहेत. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती वाया गेलेली, हा इंग्रज अमदानीतला हिशेब. इंग्रज गेले, हिशेब राहिला.

ओसाड म्हणणाऱ्याने जानेवारीतल्या सकाळी सोलापूर, इंदापूर किंवा बारामतीकडच्या एखाद्या माळावर तासभर पायी फिरावे. दहा पावले टाकली की कुसळे मोज्यांत घुसतात. ही कुसळी, आणि तिच्या सोबतीला पवन्या, शेडा, मारवेल; गुराख्याला ही नावे तोंडपाठ असतात, सभेतल्या गृहस्थांना एकही सांगता येत नाही. पायाखालून तीरचिमण्या उठतात आणि वीस हातांवर पुन्हा गवतात विरतात. दगडावर रणगोजा ताठ उभा असतो. मध्येच खाली झेप घेतो, किडा उचलतो, परत त्याच दगडावर. बोरीच्या शेंड्यावर खाटीक बसलेला, आणि त्याच बोरीच्या काट्यात त्याने खोचून ठेवलेला नाकतोडा, पाय अजून हलणारा. भोवत्या गवताला पोट घासेल इतक्या खालून तरंगत जातो, अचानक वळतो, पडल्यासारखा उतरतो. रात्री हे भोवत्ये झाडावर बसत नाहीत. उंच गवतात, जमिनीवर, जमावाने झोपतात. त्या गवतात ओळीने खड्डे खणून गिरिपुष्प लावले की सरकारी हिशेबात हरित क्षेत्र वाढते आणि भोवत्याची झोपायची जागा संपते. रणगोज्याला सावली नको असते, तीरचिमणीला तर नकोच. मोकळ्या जागेत शत्रू लांबून दिसतो, म्हणूनच तर हे पक्षी तिथे राहतात.

मुळात इथे पूर्वी घनदाट जंगल होते आणि माणसाने ते तोडून माळ केला, ही समजूतच कच्ची आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पावसाची सावली, वर वीतभर माती आणि खाली काळा फत्तर. तिथे गवत आणि विखुरलेली काटेरी झाडे हेच जुने रान. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय चाळून त्यातल्या वनस्पतींची नोंद केली. सापडल्या त्या बहुतांश माळरानाच्याच. यात नवल नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेच्या देहाच्या जागी उगवल्याचे सांगतात ते झाड तरटीचे, कोरड्या रानातले काटेरी. भक्तांच्या कथेतसुद्धा चंदन किंवा वड उगवला नाही, तरटी उगवली, कारण त्या मुलखात तीच होती. मंगळवेढे-पंढरपूरच्या लोकांना पाचशे वर्षांपूर्वी आपली जमीन माहीत होती. ती आज ‘पुन्हा हिरवी’ करायला निघालेल्यांना माहीत नाही.

झाडांच्या मागोमाग येते स्वच्छ ऊर्जा. तिची गरज नाकारण्याचे कारण नाही. कोळसा जाळत बसणे हाही काही पक्ष्यांवरचा उपकार नव्हे. पण पवनचक्की किंवा सोलर प्रकल्प ‘रिकाम्या’ जागेवर उभा राहिला म्हणजे कोणाचे काहीच गेले नाही, हे साफ खोटे आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली होती, सरडे निर्धास्तही झाले होते. म्हणजे एक पाते फिरले आणि सगळी उतरंड हलली. पॅनेल बसवायला छपरे आहेत, कालवे आहेत. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात नर्मदेच्या शाखा-कालव्यावर ती २०१२मध्येच बसवली गेली. मग माळच का? कारण तो स्वस्त आहे आणि भांडायला कोणी येत नाही. हे कारण उघड सांगितले तर निदान प्रामाणिकपणाचे गुण तरी देता येतील.

भांडायला कोणी येत नाही, हेही अर्धेच खरे. मेंढपाळ येतात, पण त्यांचे ऐकतो कोण? माणसे आधी की पक्षी आधी, असा सवाल टाकणारे लोक माळावरच्या माणसांना हिशेबात धरतच नाहीत. धनगरांच्या दख्खनी मेंढ्या ज्या गवतावर जगतात त्याच गवतावर भोवत्या, चंडोल आणि तीरचिमणी जगते. कुंपण पडले की दोघेही बाहेर. त्यामुळे इथली निवड माणूस की पाखरू अशी नाहीच. एका बाजूला मेंढपाळ आणि पाखरे आहेत, दुसऱ्या बाजूला जमिनीचा सौदा.

शेतकऱ्याची तक्रार मात्र खरी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. ज्वारी दाण्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. माचाणावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या माणसाला पक्षिप्रेमाचे प्रवचन देण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. पण याच भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, टोळ आणि नाकतोडे यांच्यावर तुटून पडतात. चीनच्या शिनजियांगमध्ये टोळांना आवर घालण्यासाठी त्यांना घरटी करता यावीत म्हणून लोकांनी मुद्दाम दगडांच्या राशी आणि कोनाडे रचून दिले. २०२०च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आली तेव्हा आपण थाळ्या वाजवल्या आणि औषध फवारले. भोरडी त्या वेळी मध्य आशियात पिल्ले वाढवत होती. तिला टोळांसाठी जागा करून देणारे आणि तिला हाकलण्यासाठी गोफण फिरवणारे एकाच पक्ष्याशी व्यवहार करतात, हे कोणी शेतकऱ्याला सांगितलेही नाही. नुकसानीची भरपाई द्यायची गोष्ट तर दूरच.

भोरडीच्याच निमित्ताने ‘चार महिन्यांचे परदेशी’ हा मुद्दाही निकालात काढता येतो. ती जुलैअखेर-ऑगस्टमध्ये भारतात येते आणि एप्रिलच्या आसपास जाते. वर्षाचे आठ-नऊ महिने ती इथे, वीण उरकायला तेवढी तिकडे. काळ्या डोक्याचा भारीट तर बाल्कन आणि तुर्कस्तानापासून इराणपर्यंत घरटी करतो आणि हिवाळ्यात जवळजवळ सगळाच्या सगळा भारतात, विशेषतः पश्चिम आणि मध्य भारतात येतो. इथे त्याचे काही बिघडले तर ग्रीसमधल्या द्राक्षमळ्यांत वसंतात त्याचे गाणे उमटणार नाही, आणि तिथल्या लोकांना त्याचे कारण कळणारही नाही. त्याची काळजी त्याच्या देशाने करावी म्हणता? ठीक. त्याचा देश कोणता?

काही जण मात्र काळजी करतात, नाही असे नाही. मुंबईच्या बोटींवर कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या फेकणारे प्रवासी पाहावेत. फोटोही छान येतात. समुद्रपक्ष्याच्या पोटात बेसन आणि तळणीचे तेल घालायचे आणि त्याच किनाऱ्यावरच्या खाजणात भराव पडला की गप्प बसायचे, याला भूतदया म्हणतात म्हणे.

सरकारी पातळीवर तर याहून मोठी विनोदी नाटके झाली. स्थलांतरी प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३पासून आहे. त्या कराराची तेरावी परिषद २०२०च्या फेब्रुवारीत गांधीनगरला भरली आणि तिचे शुभचिन्ह होते माळढोक. गिबी असे गोड नावही ठेवले होते. ज्या पक्ष्याला माळ हवा, त्याचे चित्र फलकावर आणि माळाची नोंद पडिकात. सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी १९७९मध्ये अभयारण्य झाले तेव्हा कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शहरे सगळेच आले होते, त्यामुळे ते कमी करणे भागच होते. ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. पण उरलेल्या क्षेत्राभोवतीचा माळही तोवर उसाखाली, रस्त्यांखाली आणि विजेच्या तारांखाली जात राहिला. याच अभयारण्यातल्या नान्नजला आता माळढोक दिसणे हीच बातमी होते. तोही उडणारा पक्षी, वीज पडल्यासारखा एका जागी मेला नाही. गेला, गेला, जात राहिला. ‘दुसरीकडे’ची शिफारस करणाऱ्यांनी त्याचा पत्ता शोधून द्यावा. गट नंबरसह.

याला उत्तर म्हणून अधिकारी पाहणीचा अहवाल पुढे करतात: जागेवर जाऊन पाहिले, उल्लेखनीय पक्षी आढळले नाहीत. पाहणी कधी केली? मे महिन्यात केली असेल तर भारीट, भोवत्या, रणगोजा दिसतीलच कशाला. ते कधीच उत्तरेला गेलेले असतात. शिवाय न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. ॲलन ह्यूम यांना (पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे हेच) १८६७मध्ये सतलजच्या खोऱ्यात एक वटवट्या मिळाला, मोठ्या चोचीचा. त्यानंतर तो जिवंत सापडला थेट २००६मध्ये, थायलंडमध्ये. आणि त्याची वीण अफगाणिस्तानातल्या वखानमध्ये होते हे त्यानंतर कळले. जवळपास एकशे चाळीस वर्षे हा पक्षी दर हिवाळ्यात ये-जा करत होता आणि शास्त्रज्ञांच्याही नजरेला पडत नव्हता. दुपारी दोन तास जीपमधून फिरलेल्या सल्लागाराच्या ‘आढळले नाहीत’ला किती किंमत द्यायची, ते यावरून ठरवावे.

मार्गच नाही असेही नाही. इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे वन विभागाने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. लोक पैसे मोजून लांडगा, चिंकारा आणि भोवत्या पाहायला माळावर जातात. म्हणजे तो ओसाड नाही हे त्याच शासनाच्या एका विभागाला समजले आहे, दुसऱ्याला समजायचे बाकी आहे. गवताळ राने पडीक जमिनींच्या यादीतून काढून त्यांची वेगळी नोंद करा. माळावरची कोणतीही पाहणी ऑक्टोबर ते मार्च या काळात झाली नसेल तर ती ग्राह्य धरू नका. वृक्षारोपणाचे आकडे गाठायला माळावर खड्डे खणणे बंद करा, आणि मेंढपाळांना कुंपणाबाहेर न काढता त्यांच्या चराईसकट ती राने सांभाळा. यातल्या एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान किंवा परदेशी कर्ज लागत नाही. लागते ती फक्त सभेत, ते सोपे वाक्य आले की, चहाचा कप खाली ठेवून ‘दुसरीकडे म्हणजे नेमके कुठे?’ असे विचारण्याची तयारी. आणि उत्तर मिळेपर्यंत ठरावावर सही न करण्याची.